पावती लिहायची परवानगी कुणाला?

मालाड पश्चिमेला लिंक रोडवरून मार्वे रोडकडे वळलं की एकाला लागून एक गृहनिर्माण संस्था लागतात. त्यातल्या अनेकांचं ऑफिस म्हणजे तळमजल्यावर मीटर रूमच्या शेजारची एक खोली, तिच्यात एक टेबल, लोखंडी कपाट आणि एक कॉम्प्युटर. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सिंकिंग फंड, थकबाकी, नॉमिनेशन हे सगळं त्या कॉम्प्युटरवर असतं. डेटाबेस म्हटलं की वेगळा सर्व्हर डोळ्यांपुढे येतो, पण इथे तो नसतो. बिलिंगच्या प्रोग्रामच्या पोटातच डेटाबेस चालतो आणि सगळा डेटा डिस्कवरच्या एका फाईलमध्ये राहतो. अशा डेटाबेसला एम्बेडेड म्हणतात. त्यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा म्हणजे एसक्यूलाइट.

त्या फाईलला कुणी हात लावायचा, या प्रश्नाकडे आपण फार कमी लक्ष देतो. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्या फाईलमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पैसे आणि घरांचे हक्क आहेत. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून त्या आत्या आणि भाचा अशा दोघांच्या तोंडी दिल्या आहेत. आत्या बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेली, आता सोसायटीची सचिव. भाचा माइंडस्पेस या ऑफिस संकुलातल्या एका कंपनीत प्रोग्रामर.

भाचा : आत्या, तू नेमकं काय बदललंस ते आधी सांग. मॅनेजर म्हणतात, प्रोग्राम उघडतो, सभासदांची यादी दिसते, थकबाकी दिसते, पण पावती सेव्ह करायला गेलं की एरर येते.

आत्या : जे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं ते केलं. डेटाबेसच्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ होता. टँकरची नोंद करायला वॉचमनला जे लॉगिन दिलंय, त्यातूनसुद्धा अख्खी फाईल पेनड्राइव्हवर नेता येत होती. तिच्यात सभासदांचे फोन नंबर आहेत, नॉमिनेशन आहे, शेअर सर्टिफिकेटचे नंबर आहेत. मी फोल्डर नुसतं वाचण्यापुरतं ठेवलं आणि डेटाबेसच्या फाईलवर मॅनेजरांना लिहायची परवानगी दिली. ज्या फाईलमध्ये लिहायचं तिची परवानगी त्यांना आहे. मग अडलं कुठे?

भाचा : फोल्डरवर अडलं. एरर काय आली?

आत्या : ‘अनेबल टू ओपन डेटाबेस फाईल.’ आणि फाईल तर उघडत होती! म्हणून मी त्या फाईलचीच परवानगी पुन्हा पुन्हा तपासत बसले.

भाचा : सगळे तेच करतात. उघडता न आलेली फाईल वेगळीच आहे. पावती लिहायच्या आधी एसक्यूलाइट त्याच फोल्डरमध्ये आणखी एक फाईल तयार करतं. नाव तेच, शेवटी ‘-जर्नल’ जोडलेलं. डेटाबेसची जी पानं बदलणार, त्यांचा जुना मजकूर आधी तिच्यात उतरवून ठेवतं. मग मूळ फाईलमध्ये बदल करतं. सगळं नीट झालं की जर्नल पुसून टाकतं, आणि ती पुसली गेली की व्यवहार पक्का. म्हणजे एक पावती लिहायला त्या फोल्डरमध्ये फाईल तयार करायची आणि पुसायची, दोन्ही परवानग्या लागतात. तू नेमक्या त्याच काढून घेतल्यास.

आत्या : आणि मध्येच लाईट गेली तर?

भाचा : तर जर्नल तशीच पडून राहते. पुढच्या वेळी डेटाबेस उघडला की एसक्यूलाइटला ती सापडते, तिच्यातली जुनी पानं ते मूळ फाईलमध्ये परत ठेवतं आणि अर्धवट व्यवहार रद्द करतं. आता बघ, लाईट आल्यावर पहिल्यांदा ऑडिटर बसले आणि त्यांच्या लॉगिनला फक्त वाचायची परवानगी असली, तर जुनी पानं परत ठेवणार कोण? एसक्यूलाइट अर्धवट डेटा दाखवत नाही, सरळ नकार देतं. वाचण्यासाठीसुद्धा कधीकधी लिहायची परवानगी लागते ती अशी. म्हणून माझं मत सरळ आहे. एम्बेडेड डेटाबेस आणि आवळलेल्या परवानग्या यांचं जमत नाही. ऑफिसात येणाऱ्या माणसांवर विश्वास असेल तर फोल्डर मोकळं ठेव. नसेल तर सर्व्हर घे.

आत्या : जमत नाही म्हणतोस? तुझा फोन काढ बरं.

भाचा : फोनचं काय?

आत्या : अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाइट पहिल्यापासून आहे. तुझे मेसेज, तुझे कॉन्टॅक्ट त्यातच आहेत. आणि तिथल्या परवानग्या माझ्यापेक्षा कडक आहेत. प्रत्येक ॲपला वेगळा युजर नंबर, वेगळं फोल्डर. एका ॲपचं फोल्डर दुसऱ्याला दिसत नाही. आपली फाईल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवायची जुनी सोय होती, तीही २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये बंद केली. जगात सगळ्यांत जास्त चालणारा एम्बेडेड डेटाबेस सगळ्यांत कडक बंदोबस्तात राहतो आणि कुणाची तक्रार नाही. मग तो माझ्याच ऑफिसात का रुसतो?

भाचा : कारण तिथे फोल्डर ॲपच्या मालकीचं असतं. आत काय तयार करायचं, काय पुसायचं, ते ॲपचं ॲप बघतं. दुसरा कुणी आत येतच नाही. तुझ्या ऑफिसात मॅनेजर आहेत, खजिनदार आहेत, तू आहेस, वर्षातून एकदा ऑडिटर आहेत. चौघं चार लॉगिनमधून एकाच फाईलवर येता.

आत्या : म्हणजे खोट परवानगी आवळण्यात नाही. परवानगी कुणाला द्यायची हे चुकतंय. हे लक्षात ठेव, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

भाचा : ये. पण आधी जागा बदलू. तुझा प्रोग्राम त्याची डेटाबेस फाईल स्वतःशेजारीच, ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवतो. साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, एक पळवाट ठेवली. जुन्या धाटणीच्या प्रोग्रामने तिथे लिहायचा प्रयत्न केला की विंडोज ते लिखाण गुपचूप त्या युजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. प्रोग्रामला वाटतं, लिहिलं.

आत्या : थांब. म्हणजे मागे खजिनदारांच्या लॉगिनमध्ये मॅनेजरांनी केलेल्या पावत्या दिसत नव्हत्या, ते यामुळे? एका सभासदाने पैसे भरलेले, हातात पावती, आणि खजिनदारांच्या यादीत तो थकबाकीदार. कमिटी मीटिंगमध्ये त्यावरून केवढं बोलणं झालं होतं! मॅनेजरांवर संशय घेण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

भाचा : याचमुळे. दोघांच्या दोन वेगळ्या प्रती तयार झाल्या आणि दोघांनाही आपलीच खरी वाटली. म्हणून नंतर कुणीतरी वैतागून सगळ्यांना फुल कंट्रोल देऊन टाकला असणार.

आत्या : बघ. परवानगीचा विचार नीट केला नाही की आधी माणसावर शंका येते आणि मग सगळी दारं सताड उघडली जातात. दोन्ही वाईट.

भाचा : मान्य. मग डेटा ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरमध्ये हलवू. सगळ्या युजरांचा सामाईक डेटा ठेवायची ती नेमून दिलेली जागा. पण तिथेही एक खाच आहे. तिथे कुणालाही नवी फाईल तयार करता येते, पण दुसऱ्याने तयार केलेली बदलता येत नाही. मॅनेजरांनी डेटाबेस तयार केला तर खजिनदारांना तो नुसता वाचता येईल. म्हणून आत सोसायटीचं वेगळं फोल्डर करायचं, विंडोजमध्ये ‘हिशेब’ नावाचा एक ग्रुप करायचा आणि त्या फोल्डरवर त्या ग्रुपला ‘मॉडिफाय’ द्यायची. फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या नव्या फाईलला आपोआप लागते, म्हणजे जर्नललाही. वरच्या फोल्डरकडून आपोआप येणाऱ्या परवानग्या तोडायच्या आणि ‘एव्हरीवन’बरोबर ‘युजर्स’ही काढून टाकायचा. वॉचमनचं लॉगिन त्या ग्रुपमध्ये नाही, तेव्हा त्याला फोल्डर उघडणारच नाही.

आत्या : हे पटलं. लिनक्सवरही असंच ना?

भाचा : तत्त्व तेच. तिथे तर फाईल पुसायची परवानगी फाईलवर नसतेच, ती फोल्डरवर असते. फाईल नुसती वाचण्यापुरती ठेवली आणि फोल्डर मोकळं असलं, तर कुणीही ती उडवून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो. म्हणून फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं, दिलं की फाईलवरचं सगळं कुलूप व्यर्थ. फोल्डर ग्रुपच्या मालकीचं करून ७७०, म्हणजे बाहेरच्यांना काहीच नाही, असं द्यायचं.

आत्या : मग आत्ता तर तू म्हणत होतास, मोकळं ठेव.

भाचा : वॉचमनच्या बाबतीत तुझं बरोबर. पण मला अजून वाटतं, तू गुंता वाढवतेयस. जर्नलच्या फायलीवरून एवढं अडत असेल तर आणखी एक सोपा मार्ग आहे. एसक्यूलाइटला सांगायचं, जर्नल डिस्कवर ठेवू नकोस, मेमरीत ठेव. एका ओळीचं सेटिंग. फोल्डरमध्ये नवी फाईल तयार व्हायचीच गरज नाही, फक्त डेटाबेसच्या फाईलवर परवानगी पुरते. तू जशी आवळली होतीस अगदी तशीच.

आत्या : आणि पावती लिहिताना लाईट गेली तर मेमरीतली जर्नल कुठे जाईल?

भाचा : जाईल.

आत्या : आणि मूळ फाईल अर्धी बदललेली राहील. कच्च्या वहीत आधी नोंद करून मग पक्क्या खात्यात उतरवायची, हे आपल्याकडच्या मुनीमजींना कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून कळत होतं. परवानगीची अडचण टाळायला तू कच्ची वहीच फाडायला निघालास. हे मी मान्य करणार नाही. परवानगी हवी आहे ती डेटा शाबूत राहावा म्हणून. ती मिळवायला डेटाच पणाला लावायचा, हे उलटं झालं.

भाचा : बरं, हे मागे घेतो. मग ‘वॉल’ मोड वापरू. २०१० मध्ये आला. त्यात नवे बदल आधी ‘-वॉल’ नावाच्या फाईलमध्ये साठतात आणि मग सवडीने मूळ फाईलमध्ये जातात. मॅनेजर पावती लिहीत असताना तू शेजारच्या खिडकीत थकबाकी बघू शकतेस, एकमेकांत अडकत नाही. मात्र त्याला एक नाही, दोन जादा फायली लागतात, ‘-वॉल’ आणि ‘-एसएचएम’. म्हणजे फोल्डरची परवानगी आणखी महत्त्वाची. आणि सगळे एकाच कॉम्प्युटरवर हवेत. खजिनदारांनी घरच्या लॅपटॉपवरून शेअर केलेल्या फोल्डरमधून उघडलं तर चालणार नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाईल-लॉकवर तसाही भरवसा ठेवता येत नाही.

आत्या : बॅकअपचं काय? खजिनदार दर महिन्याला ती फाईल पेनड्राइव्हवर घेतात.

भाचा : कुठली? एकच?

आत्या : डीबी फाईल. शेजारी जादा फाईल उरलेली दिसली तर ‘टेम्पररी’ म्हणून पुसूनही टाकतात कधीकधी.

भाचा : अगं, हे आधी थांबव! वॉल मोडमध्ये प्रोग्राम चालू असताना ताज्या पावत्या ‘-वॉल’मध्ये असू शकतात. मूळ फाईल एकटी उचलली तर त्या मागे राहतात, आणि ‘-वॉल’ पुसली तर कायमच्या गेल्या. जर्नलचंही तसंच. लाईट गेल्यावर उरलेली जर्नल कचरा समजून पुसली की दुरुस्तीचं एकमेव साधन हातचं गेलं, डेटाबेस बिघडू शकतो. बॅकअप डेटाबेसच्या स्वतःच्या सोयीने घ्यायचा. ‘व्हॅक्यूम इंटू’ अशी एक कमांड २०१९ पासून आहे. ती चालू डेटाबेसची एक सुसंगत, एकसंध प्रत दुसऱ्या जागी काढून देते. तीच प्रत ऑडिटरना द्यायची. त्यांना मूळ फोल्डरकडे जायचं कारणच नाही. त्यांची प्रत बदलणार नाही, तेव्हा ती ‘इम्युटेबल’ म्हणून उघडता येते. मग ती नुसत्या वाचायच्या डिस्कवर असली तरी चालते, जर्नल लागत नाही, लॉक लागत नाही. चालू डेटाबेसवर मात्र ते वापरायचं नाही.

आत्या : आणि ती प्रत तळमजल्यावर ठेवायची नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर तरी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीने दप्तर खालच्या कपाटाच्या भरवशावर सोडू नये. बरं, आता मघाशी बाजूला ठेवलेल्या मुद्द्यावर येते. ‘हिशेब’ ग्रुपमध्ये कोण असेल?

भाचा : तू, मॅनेजर, खजिनदार.

आत्या : त्यातल्या प्रत्येकाला फोल्डरवर मॉडिफाय. म्हणजे बिलिंगचा प्रोग्राम न उघडता, इंटरनेटवरून फुकट मिळणाऱ्या एखाद्या टूलने ती फाईल उघडून मागच्या वर्षीची पावती बदलता येईल?

भाचा : येईल.

आत्या : प्रोग्राममध्ये युजरनेम आहे, पासवर्ड आहे, मॅनेजरांना पावती रद्द करायचं बटण दिसत नाही. त्या सगळ्याला अर्थ काय मग?

भाचा : फाईलच्या पातळीवर काहीच नाही. एसक्यूलाइटमध्ये ‘ग्रँट’ आणि ‘रिव्होक’, म्हणजे परवानगी द्यायच्या आणि काढून घ्यायच्या कमांड, नाहीतच. मोठ्या डेटाबेसमध्ये सांगता येतं, याने या टेबलमध्ये नोंद घालावी, पण काढू नये. एसक्यूलाइट साध्या फाईलवर काम करतं, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमने फाईलवर ज्या परवानग्या दिल्या असतील तेवढ्याच. फाईल लिहिता येते म्हणजे सगळंच लिहिता येतं. ही उणीव विसरून राहिलेली नाही, ते असंच घडवलं आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ते लिहिलं ते अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या कामातून. तिथला डेटाबेस सर्व्हर बंद असला की प्रोग्राम निकामी व्हायचा. म्हणून त्यांनी मधला सर्व्हरच काढला. सर्व्हर गेला, आणि त्याच्याबरोबर परवानगी तपासणाराही गेला.

आत्या : आता सहकार कायदा बघ. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. सभासदाला ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सभेचं इतिवृत्त बघायचा हक्क आहे. आणि हिशेबाच्या वह्यांपैकी? ज्या भागात त्याचे स्वतःचे संस्थेशी झालेले व्यवहार आहेत, तेवढाच भाग. कायदा असा ओळीओळीने हक्क देतो. तुझी फाईल मात्र एकतर पूर्ण देते किंवा अजिबात देत नाही. शेजाऱ्याची थकबाकी, त्याने कुणाला नॉमिनी केलंय, हे सगळं एकाच फायलीत. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदाही आता आहे. कायद्याने जे बारीक हक्क दिलेत ते फाईलच्या परवानगीत बसवता येत नाहीत. मग बसवायचे कुठे?

भाचा : प्रोग्राममध्ये. दुसरीकडे जागाच नाही.

आत्या : पण ज्या प्रोग्रामला वळसा घालून जाता येतं तो कसले हक्क राखणार? म्हणून फोनकडे बघ असं मी मघाशी म्हटलं. तिथे फाईलची परवानगी तुला नाही, ॲपला आहे. तू फोनचा मालक, तरी तुझे मेसेज ॲपमधूनच वाचतोस. ऑफिसातही परवानगी माणसाला द्यायचीच नाही. प्रोग्रामला द्यायची.

भाचा : विंडोजवर प्रोग्राम जो चालवतो त्याच्याच परवानग्या घेऊन चालतो, आत्या. मॅनेजरांनी उघडला की तो मॅनेजरांचा. प्रोग्रामला वेगळी ओळख द्यायची तर तो सर्व्हिस म्हणून, स्वतःच्या अकाउंटवर, मागे चालत ठेवावा लागेल. डेटाबेसचं फोल्डर फक्त त्या अकाउंटला. मॅनेजर, खजिनदार, तू, सगळे ब्राउझरमधून त्या सर्व्हिसशी बोलणार. कुणी काय बघायचं, काय बदलायचं ते ती ठरवणार. कुणी कधी काय बदललं याची नोंदही तीच ठेवणार. पण मग तो सर्व्हरच झाला की!

आत्या : होऊ दे. डेटाबेस एम्बेडेडच राहिला ना? त्याच सर्व्हिसच्या पोटात, त्याच एका फाईलमध्ये. वेगळं इन्स्टॉलेशन नाही, वेगळा डेटाबेस ॲडमिन नाही.

भाचा : राहिला. आणि मग जर्नल, ‘-वॉल’, फोल्डरची परवानगी, सगळ्याच अडचणी एका फटक्यात सुटतात. त्या फोल्डरमध्ये लिहिणारा एकच उरतो. हे मी उलट्या बाजूने बघत होतो. मला वाटत होतं, परवानगी आवळली की एम्बेडेड डेटाबेस गुदमरतो. खरं म्हणजे ती नीट, एकाच्याच हाती आवळली की तो सर्वांत मोकळा चालतो. तरीही एक सांगतो. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत एकच माणूस एका कॉम्प्युटरवर बसत असेल, तर एवढी सर्व्हिस लिहून घ्यायची गरज नाही. वेगळा ग्रुप, वेगळं फोल्डर, दर महिन्याला नीट काढलेली प्रत, एवढं पुष्कळ आहे.

आत्या : इथे आपलं जमणार नाही. एकच माणूस बसतो तिथे तर नोंद ठेवणारा दुसरा कुणी हवाच. पैशाचा हिशेब आहे. मॅनेजर प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांच्यावर संशय घ्यायची वेळ यायला नको. बाकी तू सांगितलंस ते मात्र आजच करू, सर्व्हिस होईपर्यंत थांबायचं नाही. आणखी एक. ग्रुपमध्ये माणसांची नावं पक्की चिकटून राहू देऊ नकोस.

भाचा : म्हणजे?

आत्या : दर पाच वर्षांनी निवडणूक होते. जुनी कमिटी नव्या कमिटीला दप्तर सोपवते, तेव्हा वह्या, चेकबुक, शिक्के, किल्ल्या यांची यादी होते आणि दोन्ही बाजू सह्या करतात. लॉगिनचं नाव त्या यादीत कधी असतं? मागच्या खजिनदारांनी पद सोडलं, फ्लॅट विकला, आणि त्यांचं लॉगिन अजून चालू आहे. परवानगी पदाला द्यायची. पद गेलं की त्याच दिवशी परवानगी गेली पाहिजे.

भाचा : मग ‘हिशेब’ ग्रुपमध्ये कोण कोण आहे त्याची छापील यादी हस्तांतराच्या कागदांना जोडू. जुन्या पदाधिकाऱ्याचं नाव काढलं, नव्याचं घातलं, तारीख आणि दोन सह्या. एसक्यूलाइट लिहिणाऱ्यांनी २०५० पर्यंत ते सांभाळायचा मानस जाहीर केला आहे, म्हणजे फाईल तेव्हाही उघडेल. ती कुणाकुणाला उघडता येत होती, हे सांगायला हे कागद लागतील.

आत्या : ते आपल्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेते. आणि तू आत्ता खाली चल. आधी ‘एव्हरीवन’ आणि ‘युजर्स’ काढ, मग ग्रुप कर, मग मॅनेजरांना एक पावती लिहून बघायला सांग. ती सेव्ह झाली की वॉचमनच्या लॉगिनमधून तेच फोल्डर उघडून बघ. दोन्ही बघितल्याशिवाय काम झालं असं मी मानणार नाही.